काळे केस उन्हात ब्राऊन का दिसतात? आणि मग त्यांना काळे म्हणायचं की नाही?

पत्र

ताई, प्रश्न फालतू वाटेल पण महिनाभर डोक्यात तोच चाललाय म्हणून लिहितेय. मी २४ वर्षांची, केस कमरेच्या थोडे वर, आजवर कधीच कलर केला नाही, मेंदीसुद्धा नाही. घरात सगळे म्हणायचे हिचे केस किती काळेभोर. मागच्या महिन्यात ट्रिपला मैत्रिणीने भर उन्हात माझा पाठमोरा फोटो काढला आणि त्यात माझे केस चक्क तांबूस ब्राऊन! आणि माझ्याच शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मैत्रिणीचे केस काळेकुळकुळीत, वर निळसर झाक. मावशीने फोटो बघितला तर म्हणाली केस खराब झालेत तुझे, पोषण कमी पडतंय. ट्रिम करायला पार्लरला गेले तिथल्या बाईंना विचारलं, तर त्या शेड कार्ड लावून म्हणाल्या, "हे काळे नाहीतच, लेवल टू आहेत, डार्केस्ट ब्राऊन. ब्लॅक करून देऊ का?" आता एका फॉर्मवर केसांचा रंग लिहायचा कॉलम आहे आणि मी तिथेच अडकलेय. माझे केस काळे आहेत की ब्राऊन? खरे काळे केस असतात तरी का कुणाचे? काळा कलर करून घेऊ का? सोबत माझा एक केस सेलोटेपने कागदावर चिकटवून पाठवतेय, हसू नका.
— काळी की ब्राऊन

उत्तर

अगं, हसले. पण कागद उघडल्या उघडल्या तो केस घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले आणि पुढचा अर्धा तास तिथेच होते, त्यामुळे कोण जास्त वेडं हे तूच ठरव. मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यावर रंग लावायचं काम केलंय, आजपर्यंत लोकांनी मला केसांचे फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले, पण अख्खा केस टेप लावून पाठवणारी तू पहिलीच.

तर तुझ्या केसाचं काय झालं ते आधी सांगते. पट्टी लावून मोजला, ५८ सेंटिमीटर भरला. पांढऱ्या कागदावर ठेवला तर मुळाकडचं टोक काळंच म्हणावं असं, शेंड्याकडे गेलं की हळूहळू तपकिरी होत जाणारं. मग टेप सोडवून तो खिडकीसमोर आडवा धरला, म्हणजे उजेड त्याच्या मागून येईल असा, तर मुळाकडचा भागसुद्धा काळा राहिला नाही, गडद लालसर तपकिरी झाला, आणि शेंडा तर एखाद्या जुन्या फोटोच्या रंगासारखा. नंतर तोच केस मधे दुमडला, परत दुमडला, परत दुमडला, आठ पदर झाले, चिमटीत घट्ट धरले आणि परत खिडकीसमोर नेले. काळा! मुळाचा नाही शेंड्याचा नाही, पूर्ण जुडगाच काळा. केस तोच, खिडकी तीच, दोन मिनिटांपूर्वीचाच उजेड.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे खरंतर, पण तू एवढं विचारलंयस तर नीट सांगते.

केसात रंग असतो मेलॅनिनचा हे तुला माहीत असेल. त्याचे मुख्य दोन प्रकार, युमेलॅनिन म्हणजे काळा-तपकिरी गट आणि फिओमेलॅनिन म्हणजे पिवळा-लाल गट. जगातल्या सगळ्या नैसर्गिक केसांचे रंग, अगदी सोनेरी, लाल, पिंगट, काळे, सगळे ह्या दोघांच्या कमीजास्त प्रमाणातून येतात, तिसरा कुठला निळा किंवा खास काळा डबा आत ठेवलेला नसतो. आणि प्रमाण तरी किती, केसाच्या वजनाच्या जेमतेम एक ते तीन टक्के, बाकी बहुतेक केराटिन नावाचं प्रथिन, ज्याला स्वतःचा रंग म्हणावा असा नाहीच. विचार कर, एवढ्याशा रंगावर काळेभोर नावाचा सगळा डोलारा उभा आहे.

आता ह्या युमेलॅनिनची एक सवय आहे. ते सगळाच उजेड गिळतं, पण निळा-जांभळा जास्त आणि लाल त्यातल्या त्यात कमी. म्हणून थर पातळ असला की थोडा लाल-पिवळा उजेड त्यातून निसटतो आणि आपल्याला तपकिरी दिसतं. थर जाड झाला की लालसुद्धा आतच संपतो आणि मग दिसतं काळं. चित्रकार पूर्वी सेपिया नावाची शाई वापरायचे, ती यायची माकूळजातीच्या समुद्री प्राण्याच्या शाईच्या पिशवीतून, आणि ती शाई म्हणजे युमेलॅनिनच. पिशवीतली दाट शाई बघितली तर काळीकुट्ट, पाणी घालून कागदावर ओढली की तो ओळखीचा उबदार तपकिरी रंग. फोनमधे फोटोला सेपिया फिल्टर लावतेस ना, त्याचं नाव तिथूनच आलंय. तुझा एक केस म्हणजे पाणी घातलेली शाई आणि तुझा अंबाडा म्हणजे पिशवीतली.

समजायला सोपं जावं म्हणून मनाचेच आकडे घेते, खरे म्हणून कुठे सांगत बसू नकोस. समज एका केसातून लाल उजेडाचा अर्धा भाग पार जातो आणि निळ्याचा फक्त दहावा. एक केस असताना अर्धा लाल म्हणजे भरपूर झाला, केस तांबूस दिसणार. एकामागे एक तीन केस आले की लाल उरला आठवा हिस्सा आणि निळा हजारावा. सात केस झाले की लालही उरला १२८ वा हिस्सा, म्हणजे डोळ्याच्या दृष्टीने संपलाच. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, एकावर एक पडलेले, त्यातून आरपार येणार काय कपाळ! म्हणून सावलीत, घरात, वेणीत काळे, आणि उन्हात वाऱ्यावर उडणारे कडेचे चार-पाच केस, ज्यांच्या मागे दुसरे केस नाहीत आणि मागून ऊन येतंय, ते ब्राऊन. तुझा तो फोटो मी न बघता सांगते, सूर्य तुझ्या समोरच्या बाजूला होता आणि फोटो काढणारी तुझ्या पाठीमागे, आणि सगळ्यात तांबूस दिसलेत ते कडेचे आणि शेंड्याचे. बघ परत झूम करून.

मग मैत्रिणीचे केस त्याच उन्हात काळे कसे राहिले? एक तर तिच्या केसात रंगाचे दाणे जास्त आणि दाट भरलेले असतील. दुसरं, तिचा एकेक केसच जाड असेल. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, म्हणजे एकाचा केस दुसऱ्याच्या दुप्पट जाड असणं अगदी रोजचं आहे, आणि जाड केसातून जाताना उजेडाला जास्त रस्ता कापावा लागतो, तेवढाच जास्त गिळला जातो. काही लोकांचा केस इतका भरलेला असतो की एकटाच उजेडासमोर धरला तरी लालसर व्हायचं नाव घेत नाही. तेव्हा खरे काळे केस असतात का ह्या प्रश्नाचं उत्तर हो, असतात, पण तुझ्या आणि त्यांच्या केसांत पदार्थाचा फरक नसून मात्रेचा आहे. मधे कुठेही अशी रेघ नाही की इकडे ब्राऊन संपला आणि तिकडे काळा सुरू झाला. ती रेघ आपण ओढतो, शेड कार्डवाले ओढतात, फॉर्मवाले ओढतात.

मात्रा कोण ठरवतं, तर जीन्स, आणि एखादा-दुसरा नाही. २०१८ मधे युरोपीय वंशाच्या जवळपास ३ लाख लोकांचा डेटा घेऊन एक अभ्यास छापून आला त्यात केसांच्या रंगाशी जोडलेल्या शंभराहून जास्त जागा सापडल्या जीनोममधे. म्हणून सख्ख्या बहिणींत एकीचे काळेशार आणि एकीचे पिंगट हे होतच राहतं, त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं.

आता ती निळसर झाक, कारण मला वाटतं तुला खरी टोचणी तिचीच आहे. हो ना?

निळं काहीही नाही त्यात. केसावर बाहेरून क्युटिकलचं आवरण असतं, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसलेले पातळ थर, आणि ते रंगहीन असतात, रंग सगळा आत, कॉर्टेक्समधे. उजेड केसावर पडला की त्यातला सुमारे चार-पाच टक्के भाग आत न जाता ह्या खवल्यांवरूनच परत फिरतो, काचेवरून फिरतो तसा, आणि तो केसाचा रंग घेऊन येत नाही, जसा आला तसाच जातो. पांढरा उजेड आला तर पांढरी चमक, डोक्यावर निळं आकाश असेल तर त्याची निळसर चमक. ही चार-पाच टक्क्यांची चमक सगळ्यांच्याच केसावर असते, सोनेरी केसावरही, पण तिथे आतून एवढा पिवळा उजेड बाहेर येत असतो की वरची चमक त्यात मिसळून जाते. खूप काळ्या केसात आतून परत येणारं जवळपास काहीच नाही, त्यामुळे जे दिसतं ती नुसती चमकच. काळ्या पाण्याच्या विहिरीत आकाश स्वच्छ दिसतं ना, तसं. तुझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर तू आकाश बघत होतीस!

ह्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खवले केसाला अगदी चिकटून नसतात, साधारण तीन अंश तिरके असतात, शेंड्याकडे उघडणारे. त्यामुळे केसावर चमकेचे दोन पट्टे पडतात. एक वरून परतलेल्या उजेडाचा, बिनरंगी. दुसरा, आत शिरून मागच्या भिंतीवर आपटून बाहेर आलेल्या उजेडाचा, म्हणून रंगीत, पहिल्यापासून थोडा सरकलेला. २००३ साली स्टीव्ह मार्शनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे कॉम्प्युटर ग्राफिक्ससाठी नीट मोजून मांडलं, अ‍ॅनिमेशनमधले केस खरे वाटायला लागले त्यात ह्या कामाचा मोठा हात आहे. तू आरशासमोर दिव्याखाली उभी रहा, केस सरळ विंचरून पुढे घे आणि डोकं हळूच वरखाली कर, पांढऱ्या पट्ट्याच्या जरा बाजूला एक तपकिरी-तांबूस पट्टा दिसतो का बघ. तुझा केस बघून मला वाटतं तुला दिसेल. मैत्रिणीला दुसरा पट्टा दिसणं कठीण, तिचा तो आतल्या आतच जिरतो.

म्हणजे बघ, केस काळे दिसणं ह्यात रंगाइतकाच वरच्या पृष्ठभागाचा हात आहे आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. केस ओले असताना किती काळे दिसतात! रंग वाढला का? नाही. कोरडे केस सुटे असतात, मधे हवा, खवल्यांच्या कडा थोड्या उचललेल्या, त्यामुळे पांढरा उजेड सगळीकडे विखुरतो आणि काळ्यावर पांढरी धूळ टाकल्यासारखा रंग फिका होतो. पाण्याने ती हवा जाते, केस एकमेकांना चिकटून जाड जुडगे होतात, विखुरणारा उजेड कमी होतो, बस. ओली माती, ओला कापूस, सगळं ह्याच कारणाने गडद दिसतं. तेल लावलं तरी हेच, खवल्यांच्या फटी बुजतात, वर गुळगुळीत थर येतो, केस काळे "होतात". तेलाने केस काळे होतात म्हणणारे अगदीच खोटं बोलत नाहीत, फक्त तो काळेपणा शाम्पूबरोबर वाहून जातो. कंडिशनरचंही तेच. आणि उलट बाजूने, सतत हीट, घासून पुसणं, जोरात विंचरणं ह्याने खवले झिजलेले केस आत भरपूर रंग असूनही राखाडी-भुरकट दिसतात, कुरळ्या केसांना तर हे उगाच भोगावं लागतं कारण वळणामुळे चमक एका पट्ट्यात गोळा होतच नाही, विखुरते, मग लोक म्हणतात केस रुक्ष आहेत, अरे रुक्ष नाहीत वळलेले आहेत!

फोन तर सोडूनच दे. फोनचा कॅमेरा अंधारे भाग स्वतःहून उजळतो, आणि काळे केस म्हणजे त्याच्या दृष्टीने फोटोतला अंधार, मग तो आत दडलेला तपकिरी ओढून वर काढतो. पिवळ्या बल्बखाली केस तांबूस, पांढऱ्या ट्यूबखाली काळे, हे तू ट्रायल रूममधे आणि लिफ्टच्या आरशात बघितलंच असशील. माणसाचा डोळा शेजारच्या गोष्टींशी तुलना करून रंग ठरवतो, त्यामुळे पांढऱ्या टॉपवर मोकळे सोडलेले केस जास्त काळे वाटतात आणि काळ्या जॅकेटवर तेच केस अचानक ब्राऊन. काळ्या जॅकेटवर स्वतःचा पडलेला केस उचलून बघ कधीतरी, दचकशील.

आता मावशी. मावशीचं पूर्ण चूक नाही पण बरंचसं चूक आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ५८ सेंटिमीटरच्या केसाचा शेंडा जवळजवळ पाच वर्षांचा म्हातारा आहे गं. तू १९ ची असताना तो डोक्यातून बाहेर आला, तेव्हापासून पाच उन्हाळे, शेकडो धुणी, हजारो वेळा विंचरणं. बाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यात नवा रंग भरायला कुणी येत नाही, रंग भरणाऱ्या पेशी फक्त मुळाशी असतात आणि केस वाढत असतानाच काम करतात. उन्हातले अतिनील किरण मेलॅनिनला हळूहळू मोडतात, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीनही मदत करतं, म्हणून शेंडे फिके होणं म्हणजे वय झालं एवढंच. ते परत काळे होणार नाहीत, कुठलंही तेल चोळलंस तरी, कापले जातील तेव्हाच जातील. उन्हात जाताना स्कार्फ बांध, पुढच्या शेंड्यांना कामाला येईल.

पोषणाचा मुद्दा मात्र हवेतला नाही. खूप गंभीर प्रथिनांच्या कमतरतेत, क्वाशिओरकोर म्हणतात त्यात, मुलांचे काळे केस लालसर-फिके होतात, आणि खाणं सुधारलं-बिघडलं तसे एकाच केसावर फिका-गडद असे पट्टे पडतात, डॉक्टर त्याला फ्लॅग साइन म्हणतात. बी-१२ कमी असेल तर केस लवकर पांढरे होऊ शकतात. क्लोरोक्विन, इमॅटिनिबसारख्या काही औषधांनीही केसांचा रंग बदललेला आहे. पण ह्या सगळ्यात बदल दिसतो तो मुळाशी, नव्या वाढीत, कारण गडबड कारखान्यात असते. तुझ्या केसाचा मुळाकडचा भाग सगळ्यात काळा आहे, कारखाना व्यवस्थित चालू आहे. उद्या कधी उलटं दिसलं, शेंडे काळे आणि मुळाशी नवीन येणारे फिके, किंवा थकवा, केस गळणं असं काही सोबत आलं, तर मला लिहू नकोस, डॉक्टरकडे जा.

पार्लरवाल्या बाईंवर रागावू नकोस, त्यांनी कार्ड बरोबर वाचलंय. आमच्या धंद्यात केसाची गडदपणाची लेवल १ ते १० मोजतात, १ म्हणजे काळा, २ डार्केस्ट ब्राऊन, ३ डार्क ब्राऊन, असं करत १० ला सगळ्यात फिका ब्लॉन्ड, कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे. ज्यांना सगळं जग काळे केस म्हणतं त्यातले कितीतरी लोक कार्डावर २ किंवा ३ ला बसतात, आणि समोर सांगितलं की तुझ्यासारखाच चेहरा करतात. मला तर लेवल १ कोऱ्या केसांत क्वचित दिसायची. आकडा रंग मिसळायच्या हिशोबासाठी असतो, जन्मदाखल्यासाठी नाही. त्यांनी "ब्लॅक करून देऊ का" विचारलं तो मात्र धंदा झाला, पण मीही अनेकदा केलाय तो, त्यामुळे गप्प बसते.

काळ्या केसात तपकिरी किती भरलाय ते बघायचं असेल तर ब्लीच करताना बघावं. अगदी काळाकुळकुळीत केससुद्धा फिका होताना आधी लालसर तपकिरी, मग लाल, मग केशरी, मग पिवळा होतो. राखाडी होत होत पांढरा होणारा काळा केस मी आजवर एकही बघितला नाही.

आणि आता काळा कलर. नको गं. कलर वाईट असतो म्हणून नाही, आवडत असेल तर खुशाल निळा कर हिरवा कर, पण "माझे केस काळे नाहीत" ह्या कारणासाठी नको. मी स्वतः २३ व्या वर्षी ब्लू-ब्लॅक करून घेतला होता, शिकत होते तेव्हा, वर्गातल्याच मुलीने लावला. पहिले दोन दिवस मी लिफ्टच्या आरशासमोरून हलत नव्हते. तिसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तर डोक्यावर टोपी घातल्यासारखं, सपाट. कोऱ्या डोक्यावर लाख केस म्हणजे लाख शेड असतात, कुणी जरा गडद, कुणी फिका, कानाजवळचे वेगळे, मानेवरचे वेगळे, आणि सगळे मिळून जो काळा दिसतो त्याला खोली असते. डबीतला काळा सगळ्यांना एकाच रंगात बुडवतो. महिन्याभरात मुळाशी एक सेंटिमीटर माझा स्वतःचा रंग, जो मला तोपर्यंत काळा वाटायचा, तो त्या काळ्याशेजारी ब्राऊन दिसायला लागला! म्हणजे ज्या भानगडीसाठी कलर केला ती भानगड कलरनेच तयार केली. मग काढायला गेले तर काळा काढणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कटकटीचं काम, वरून दुसरा फिका कलर लावून काळा फिका होत नाही, बहुधा ब्लीच लागतं, आणि माझी मुळं केशरी, मधला भाग विटकरी आणि शेंडे काळेच, अशा अवस्थेत मी एका लग्नाला गेले आहे. फोटो आहेत. दाखवणार नाही.

शिवाय बहुतेक पर्मनंट काळ्या शेडमधे पीपीडी असतं, पॅरा-फिनायलीनडायअमीन, गडद शेडमधे जास्त, आणि काहींना त्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी येते, डोळे-चेहरा सुजेपर्यंत. केव्हाही कलर केलास, अगदी दहाव्यांदा, तरी ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट कर, पार्लरवाली "काही होत नाही" म्हणाली तरी. आणि "काळी मेंदी" ह्या नावाला भुलू नकोस, मेंदीचा स्वतःचा रंग केशरी-लालच असतो, त्यात काळा आलाय म्हणजे काहीतरी घातलंय, कधी नीळ, पण बऱ्याचदा हेच पीपीडी.

फॉर्मवर "काळा" लिही. फॉर्म वाचणाऱ्याला तू दारातून आत आलीस की ओळखता यायला हवी एवढाच त्या कॉलमचा हेतू, आणि दारातून आत आलेल्या तुझ्या केसांना कुणीही काळेच म्हणेल. तो काही तुझा एक केस उपटून खिडकीसमोर धरणार नाहीये, ते काम मी केलंय.

एक उलट काम तुला देते. त्या मैत्रिणीचा एक केस पाठव, विचारून, आणि उपटू नकोस हं, फणीत अडकलेला चालेल. माझ्याकडे आता तुझा आहे, शेजारी तिचा लावून एकाच खिडकीसमोर धरायचाय. माझी पैज आहे की तिचाही शेंडा तांबूस निघणार, फक्त तिला अजून कुणी पाठमोरा फोटो काढून दाखवलेला नाही.